इंग्रजीतला 'हीट': उन्हापासून अधिवेशनापर्यंत, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात इंग्रजी बोलायला शिकवताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. कॉलेजची मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षेवाले विचारतात, सुनेशी फोनवर इंग्रजीतून बोलावं लागणाऱ्या काकूही विचारतात. सगळे प्रश्न एकाच शब्दाभोवतीचे आहेत, म्हणून उत्तरं एका ठिकाणी ठेवली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा.

हाच शब्द का निवडला?

नागपूरकराला या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्या दिवशी दुपारी धंतोलीहून इतवारीला स्कूटरवर गेलेल्या माणसाला 'हीट' समजायला शब्दकोश लागणार नाही. अर्थ इतका पक्का असूनही वाक्य मात्र चुकतं. 'टुडे इज व्हेरी हीट', 'हेवी हीट इज देअर', 'डोन्ट गो इन हीट' ही वाक्यं मी दर मे महिन्यात ऐकते. शब्द येतो, पण त्याच्या आगेमागे कोणते शब्द बसतात ते माहीत नसतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या शब्दाचे लाक्षणिक अर्थ त्याच्या खऱ्या अर्थातूनच उगवले आहेत. उष्णता साठते, वाढवता येते, कमी करता येते, सोसावी लागते, काही वेळाने ओसरते. राग, दबाव आणि टीका यांच्याबद्दल इंग्रजी माणूस हेच सगळं बोलतो, आणि बहुतेक वेळा तीच क्रियापदं वापरतो. उन्हाळ्याची इंग्रजी वाक्यं नीट आली की राजकारणाची अर्धी वाक्यं आपोआप येतात.

कोलोकेशन म्हणजे काय? ते व्याकरणात येतं का?

ती भाषेची सवय आहे. आपण 'थंडी पडते' म्हणतो, 'तहान लागते' म्हणतो, 'उकाडा होतो' म्हणतो. 'तहान पडली' असं म्हणायला व्याकरणाची कसलीही आडकाठी नाही, तरी कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो, उष्णता 'इन्टेन्स' असते. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये म्हटलं होतं की शब्द ओळखायचा तर त्याच्या संगतीवरून ओळखावा. म्हणून माझा आग्रह असतो की 'हीट म्हणजे उष्णता' एवढंच वहीत लिहू नका. 'इन्टेन्स हीट', 'ड्राय हीट', 'बीट द हीट', 'टेक द हीट' अशा अख्ख्या जोड्या लिहा.

'हीट' मोजता येते का? 'टू मच हीट्स' म्हणता येईल?

नाही. उष्णता या अर्थाने हे नाम अगणनीय आहे. 'टू मच हीट', 'अ लॉट ऑफ हीट', 'सो मच हीट' बरोबर. 'मेनी हीट्स' चूक. मात्र उष्णतेचा प्रकार सांगायचा असेल तर विशेषणासोबत 'अ' येऊ शकतो. 'इट्स अ ड्राय हीट' हे इंग्रजीत अगदी रुळलेलं वाक्य आहे आणि नागपूरच्या एप्रिलला ते तंतोतंत लागू पडतं.

'हीट्स' हे अनेकवचन खेळाच्या बातम्यांत दिसतं, तिथे अर्थ वेगळा. धावण्याच्या किंवा पोहण्याच्या शर्यतीत खेळाडू खूप असले की आधी प्राथमिक फेऱ्या घेतात. त्यातली प्रत्येक फेरी म्हणजे एक 'हीट'. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या हीटमधून अंतिम फेरीत गेल्या. बीडच्या अविनाश साबळेंनी टोकियोच्या हीटमध्ये राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. 2024 मध्ये पॅरिसला ते हीटमध्ये पाचवे आले आणि अंतिम फेरीत पोहोचले. इथे चालणाऱ्या जोड्या अशा: 'रन इन द फर्स्ट हीट', 'विन हर हीट', 'फिनिश फिफ्थ इन हिज हीट', 'क्वालिफाय फ्रॉम द हीट्स'.

आणि 'डेड हीट'?

हाही शर्यतीचाच शब्द. दोघं अगदी एकाच क्षणी रेषा ओलांडतात आणि निकाल बरोबरीत सुटतो तेव्हा 'द रेस एंडेड इन अ डेड हीट' म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. रिओमध्ये महिलांच्या 100 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक यांची वेळ सारखीच, 52.70 सेकंद, आली आणि दोघींनाही सुवर्णपदक मिळालं. निवडणुकीत दोन उमेदवार अटीतटीने बरोबर चालले असतील तर 'द टू कँडिडेट्स आर इन अ डेड हीट' असं लिहितात. मृत्यूशी किंवा उष्माघाताशी याचा काही संबंध नाही. तसा अर्थ लावलेली उत्तरं मी तपासली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी कोणती विशेषणं वापरावीत? मला 'व्हेरी' सोडून काही सुचत नाही.

हा या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपल्याकडे एक उन्हाळा नसतो, तीन-चार असतात, आणि इंग्रजीत प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे.

मार्चअखेर ते मे, हवा कोरडी, ओठ फुटतात, वाळत घातलेला कपडा तासाभरात कडक होतो. ही 'ड्राय हीट'. मेच्या दुपारी एक ते चार, डांबर मऊ पडतं, गाडीच्या सीटला हात लावला की चटका बसतो. त्याला 'स्कॉर्चिंग हीट', 'सीअरिंग हीट' किंवा 'ब्लिस्टरिंग हीट'. तिन्हींत भाजण्याचा, पोळण्याचा अर्थ आहे. 'स्कॉर्च' म्हणजे इस्त्रीने कपडा करपतो तसं करपणं, 'ब्लिस्टर' म्हणजे फोड.

जून उजाडतो, ढग येतात, पाऊस मात्र येत नाही. पारा उतरलेला असतो, तरी जीव नकोसा होतो. अंगाला कपडा चिकटतो. हे 'स्वेल्टरिंग' किंवा 'ह्युमिड हीट'. बंद खोली, वीज गेलेली, वारा नाही, श्वास कोंडल्यासारखा वाटतो तेव्हा 'स्टायफलिंग हीट'. दिवसेंदिवस उकाडा हटत नाही आणि माणूस दबून जातो तेव्हा 'ऑप्रेसिव्ह हीट'. 'ऑप्रेसिव्ह' हाच शब्द जुलमी राजवटीलाही लावतात. आपणही 'उन्हाचा जुलूम' म्हणतो, त्यामुळे ही जोडी मराठी माणसाच्या लवकर लक्षात राहते.

बातमीत किंवा निबंधात तटस्थ शब्द हवा असेल तर 'इन्टेन्स हीट' आणि 'एक्स्ट्रीम हीट'. सहन होत नाही म्हणायचं तर 'अनबेअरेबल हीट'. वेळ सांगायची तर 'द मिडडे हीट', 'द आफ्टरनून हीट', 'द हीट ऑफ द डे'. शेवटची जोडी सुंदर आहे: 'वी स्टेड इनडोअर्स ड्युरिंग द हीट ऑफ द डे', म्हणजे ऊन ओसरेपर्यंत आम्ही घरातच राहिलो.

'हेवी हीट', 'हॉट हीट' आणि 'बिग हीट' टाळा. साधं बोलायचं असेल तर 'हीट' आणूच नका. 'इट्स रिअली हॉट टुडे' एवढं पुरतं.

'द टेम्परेचर इज हॉट' बरोबर आहे का?

नाही. हवा 'हॉट', तापमान 'हाय'. 'द टेम्परेचर रोज टू फॉर्टी-सिक्स डिग्रीज' म्हणा. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंश झळकले आणि देशभर बातमी गेली. नंतर संवेदकात बिघाड असल्याचं हवामान विभागाने सांगितलं. मोजलेला आकडा असतो तिथे 'टेम्परेचर' हवं, अंगाला जाणवतं तिथे 'हीट'.

'इन हीट' आणि 'इन द हीट' यांत खरंच एवढा फरक आहे?

आहे, आणि तो न सांगता सोडणारे शिक्षक विद्यार्थ्यांचं नुकसान करतात असं माझं स्पष्ट मत आहे. 'द' गाळलेलं 'इन हीट' अमेरिकन इंग्रजीत मादी जनावर माजावर आली या अर्थाने वापरतात. ब्रिटिश इंग्रजीत त्यालाच 'ऑन हीट' म्हणतात. 'द काऊ इज इन हीट' हे पशुवैद्यकाचं रोजचं, अगदी योग्य वाक्य आहे. पण परगावच्या साहेबांना 'आय वॉज इन हीट ऑल डे' असं कुणी सांगितलं तर ऐकणारा गोंधळतो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

उन्हातान्हात होतो म्हणायचं तर 'आय वॉज आऊट इन द हीट ऑल डे'. मुलाला बजावायचं तर 'डोन्ट गो आऊट इन धिस हीट'. आपल्या 'ऊन' या शब्दात प्रकाश आणि ताप दोन्ही येतात, इंग्रजीत मात्र ते दोन शब्दांत वाटलेले आहेत. उन्हात उभं राहणं म्हणजे 'इन द सन', उकाड्यात काम करणं म्हणजे 'इन द हीट'. सावलीत बसूनही तुम्ही 'इन द हीट' असू शकता. आपल्याकडे तर असताच.

'मला हीट झाली', 'अंगात उष्णता वाढली' हे डॉक्टरांना इंग्रजीत कसं सांगायचं?

शब्दशः सांगू नका. 'माय बॉडी हीट हॅज इनक्रीज्ड' हे वाक्य आपल्या शेजारच्या डॉक्टरांना कळेल, कारण तेही इथलेच आहेत. पुण्या-मुंबईचेही समजून घेतील. इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरला मात्र त्यातून काहीच बोध होणार नाही. इंग्रजीत 'बॉडी हीट' म्हणजे शरीरातून बाहेर पडणारी ऊब. गर्दीने भरलेली खोली बॉडी हीटने गरम होते, दोन माणसं थंडीत जवळ बसून 'शेअर बॉडी हीट' करतात. तो आजार नाही.

आपण 'उष्णता' म्हणतो तेव्हा नेमकं काय होत असतं ते सांगा. तोंड आलं असेल तर 'आय हॅव माऊथ अल्सर्स'. लघवीला जळजळ होत असेल तर 'इट बर्न्स व्हेन आय पास यूरिन'. डोळ्यांची आग होत असेल तर 'माय आइज आर बर्निंग'. घामोळं आलं असेल तर 'आय हॅव प्रिकली हीट'. ही जोडी नीट पाहून ठेवा: टोचणारी उष्णता म्हणजे घामोळं. त्यालाच 'हीट रॅश' असंही म्हणतात. नुसता ताप असेल तर 'फीव्हर'. तिथे 'हीट' येत नाही.

'हीटवेव्ह', 'हीट स्ट्रोक', 'हीट एक्झॉशन' यांसोबत कोणती क्रियापदं येतात?

'हीटवेव्ह' मोजता येते, म्हणून 'अ हीटवेव्ह'. ती 'हिट' करते, 'ग्रिप' करते, 'लास्ट' करते आणि शेवटी 'ब्रेक' होते. 'विदर्भ इज इन द ग्रिप ऑफ अ हीटवेव्ह' हे वर्तमानपत्रांचं आवडतं वाक्य. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश असावं आणि ते सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी जास्त असावं, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. फरक 6.4 च्या वर गेला की 'सीव्हिअर हीटवेव्ह'. तापमान 45 ला पोहोचलं तर सरासरी न पाहताही लाट धरतात, 47 ला तीव्र लाट. म्हणून 'व्हेरी बिग हीटवेव्ह' न म्हणता 'सीव्हिअर' म्हणा. तो अधिकृत शब्द आहे.

'हीट एक्झॉशन' म्हणजे उन्हाने गळून जाणं: खूप घाम, चक्कर, अशक्तपणा. 'हीट स्ट्रोक' म्हणजे उष्माघात: शरीराचं तापमान साधारण 40 अंशांच्या वर, माणूस बरळतो किंवा शुद्ध हरपते. हे जिवावरचं असतं. 108 वर फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घालायचा. क्रियापदं: 'ही सफर्ड हीट स्ट्रोक', 'शी वॉज ट्रीटेड फॉर हीट एक्झॉशन', 'ही डाइड ऑफ हीट स्ट्रोक'. 'हीट स्ट्रोक केम टू हिम' नको. आपल्या 'ऊन लागलं' साठी इंग्रजीत 'सनस्ट्रोक' हाही शब्द आहे, पण 'सन टच्ड मी' असं काही नाही.

'बीट द हीट' म्हणजे उष्णतेला हरवणं?

हो, उकाड्यावर मात करणं. पन्हं, आंबील, डोक्याला दुपट्टा, सकाळी लवकर कामं उरकणं, हे सगळे 'वेज टू बीट द हीट'. सोबतच्या इतर जोड्या: 'एस्केप द हीट', 'अव्हॉइड द हीट', 'विथस्टँड द हीट', 'अ ब्रेक फ्रॉम द हीट'. पहिला पाऊस येतो तेव्हा 'सम रिलीफ फ्रॉम द हीट'. इथे 'ऑफ' किंवा 'टू' नाही, 'फ्रॉम'.

विज्ञानाच्या पुस्तकातल्या जोड्या बोलण्यात कामी येतात का?

खूप येतात. वस्तू उष्णता 'जनरेट' करते, 'गिव्ह ऑफ' करते, 'अॅब्झॉर्ब' करते, 'रिटेन' करते, 'लूज' करते, 'ट्रॅप' करते. टिनाचं शेड 'ट्रॅप्स हीट'. आपले सिमेंटचे रस्ते दिवसभर 'अॅब्झॉर्ब हीट' आणि रात्री 'रेडिएट हीट', म्हणून अकरा वाजतासुद्धा पायाखालून झळ येते. शहर भोवतालच्या गावांपेक्षा गरम राहतं त्याला 'अर्बन हीट आयलंड' म्हणतात.

'लेटन्ट हीट' ही जोडी नागपूरकराने मनापासून शिकावी, कारण आपला कूलर तिच्यावर चालतो. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 कॅलरी लागतात आणि तेवढ्याने तापमान एक अंशही वाढत नाही. ती उष्णता लपून राहते. 'लेटन्ट' म्हणजे सुप्त, दडलेली. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात हे शोधलं. कूलरच्या ओल्या खसमधून गरम हवा जाते, पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा गार होते. जुलैत हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही आणि कूलर नुसता दमट वारा फेकतो. 'ड्राय हीट' आणि 'ह्युमिड हीट' असे दोन शब्द का हवेत ते इथे कळतं.

स्वयंपाकात 'स्लो गॅस' म्हणतो. ते चालेल?

आपल्या घरात चालेल, रेसिपीत नाही. मंद आच म्हणजे 'लो हीट', मध्यम म्हणजे 'मीडियम हीट', मोठी आच म्हणजे 'हाय हीट'. ब्रिटिश लोक 'ओव्हर अ लो हीट' लिहितात, अमेरिकन 'अ' गाळून 'ओव्हर लो हीट'. आच कमी करा म्हणजे 'लोअर द हीट', 'टर्न डाऊन द हीट' किंवा 'रिड्यूस द हीट'. गॅसवरून उतरवा म्हणजे 'रिमूव्ह फ्रॉम द हीट'. गॅस बंद केल्यावर गरम कढईतच भाजी शिजत ठेवतो ती 'रेसिड्युअल हीट'.

तिखटालाही 'हीट' म्हणतात, आणि सावजी रस्सा खाणाऱ्या शहराला ही जोडी यायलाच हवी. 'द ग्रेव्ही हॅज अ फायरी हीट', 'भिवापुरी चिलीज अॅड हीट', 'अ माइल्ड हीट', 'द हीट बिल्ड्स स्लोली'. शेवटचं वाक्य तर्री पोह्यांना चपखल बसतं: पहिल्या घासाला काही वाटत नाही, चौथ्याला कान तापतात. गंमत अशी की हा अर्थ लाक्षणिक वाटतो, पण शरीरासाठी तो खराच आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्या चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं, तोच ग्राहक पोळवणारी उष्णताही ओळखतो. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. जिभेला आणि मेंदूला भाजणं आणि तिखट लागणं एकाच वाटेने कळतं, म्हणून 'हीट' हा शब्द दोन्हीकडे शोभतो.

'इन द हीट ऑफ द मोमेंट' कधी वापरायचं?

रागाच्या किंवा उत्साहाच्या भरात आपण काही बोललो-केलो, शांतपणी केलं नसतं, तेव्हा. 'आय सेड इट इन द हीट ऑफ द मोमेंट' म्हणजे रागाच्या भरात बोलून गेलो. याच साच्यात 'इन द हीट ऑफ द अर्ग्युमेंट', 'इन द हीट ऑफ बॅटल', 'इन द हीट ऑफ द कँपेन'. साचा लक्षात ठेवा: 'इन द हीट ऑफ', पुढे एखादा क्षण, भांडण, लढाई. 'इन द हीट ऑफ माय अँगर' व्याकरणाने चालतं, पण कानाला ओबडधोबड लागतं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना याचाच एक चुलत प्रकार भेटतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 300 च्या चौथ्या अपवादात 'इन द हीट ऑफ पॅशन अपॉन अ सडन क्वॉरल' असे शब्द होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो अपवाद कलम 101 खाली आहे. पूर्वनियोजन नाही, अचानक उद्भवलेलं भांडण, रागाच्या भरात झालेली मारामारी, आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला नाही किंवा क्रूर वागलेला नाही, अशा स्थितीत झालेला मृत्यू खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. इथल्या 'पॅशन'चा अर्थ प्रेम नाही, क्षोभ आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करायची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे नऊ शब्द चुकूनही बदलू नयेत, कारण युक्तिवाद त्यांच्यावरच उभा राहतो.

'टर्न अप द हीट', 'टेक द हीट', 'फील द हीट' यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. 1953 च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याचं ठरलं. बाहेर स्वेटर घालायची थंडी असते आणि विधान भवनात वातावरण तापलेलं असतं. मी या जोड्या त्याच बातम्यांवरून शिकवते.

विरोधक एखाद्या प्रश्नावर दबाव वाढवतात: 'द ऑपोझिशन टर्न्ड अप द हीट ऑन द गव्हर्नमेंट'. हीटरचं बटण फिरवल्यासारखं हे वाढवता येतं, आणि ज्याच्यावर दबाव आहे त्याच्या आधी 'ऑन' येतं. अमेरिकेत घरातला हीटर वाढवणंही 'टर्न अप द हीट'च, ब्रिटनमध्ये त्यासाठी 'टर्न अप द हीटिंग' म्हणतात. पण दबावाच्या अर्थाने दोन्हीकडे 'हीट'. मंत्र्याला दबाव जाणवू लागतो: 'द मिनिस्टर इज फीलिंग द हीट'. टीका तो स्वतःवर घेतो, सहकाऱ्यांवर ढकलत नाही: 'ही टुक द हीट'. तेवढ्यात दुसरंच प्रकरण निघतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं: 'द न्यू स्कँडल टुक द हीट ऑफ हिम'. म्हणजे 'टेक द हीट' आणि 'टेक द हीट ऑफ समवन' यांचे अर्थ अगदी उलटे. पहिल्यात झळ सोसायची, दुसऱ्यात झळ दूर होते. तो एक 'ऑफ' ऐकू आला नाही तर बातमी उलटी समजते.

'द हीट इज ऑन' म्हणजे आता खरा दबाव सुरू झाला. 'कान्ट टेक द हीट' म्हणजे दबाव सोसवत नाही. ज्याला झळ सोसत नाही त्याने स्वयंपाकघरातून बाहेर पडावं, या अर्थाचं इंग्रजी वचन अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यामुळे लोकप्रिय झालं. जबाबदारीचं पद घेतलं की टीकाही घ्यावी लागते, असा त्याचा रोख.

'हॉट अर्ग्युमेंट' की 'हीटेड अर्ग्युमेंट'?

'हीटेड'. 'अ हीटेड अर्ग्युमेंट', 'अ हीटेड डिबेट', 'अ हीटेड एक्स्चेंज'. वाद तापत जातो तेव्हा 'थिंग्ज गॉट हीटेड'. क्रियाविशेषण हवं असेल तर मात्र 'हॉटली': 'अ हॉटली डिबेटेड इश्यू', 'अ हॉटली कंटेस्टेड सीट'. याला कारण विचारू नका, सवय अशीच आहे.

'मोअर हीट दॅन लाइट' म्हणजे काय?

ज्या चर्चेत आवाज चढतात पण समज वाढत नाही, तिच्याबद्दल 'द डिबेट जनरेटेड मोअर हीट दॅन लाइट' म्हणतात. जुना दिवा जसा खोली उजळण्यापेक्षा तापवतो जास्त, तशी चर्चा. 'जनरेट हीट' ही विज्ञानातली जोडी इथे जशीच्या तशी उतरली आहे. ग्रुप डिस्कशनमध्ये दोघं एकमेकांवर ओरडू लागले की हे वाक्य शांतपणे, कुणाचं नाव न घेता म्हणावं. चर्चा रुळावर आणायला त्याचा उपयोग होतो.

'व्हाइट हीट' आणि 'रेड हीट' हे रंग कसले?

लोखंड तापवलं की आधी लाल होतं, अजून तापवलं की पांढरं. म्हणून 'व्हाइट हीट' म्हणजे तीव्रतेचं टोक. ब्रिटनचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी 1963 मध्ये स्कारबरोच्या भाषणात तंत्रज्ञानाच्या क्रांतीला ही उपमा दिली आणि ती इंग्रजी राजकारणात कायमची रुजली.

अमेरिकन सिनेमात 'पॅकिंग हीट' ऐकलं. ते काय?

जवळ पिस्तूल बाळगणं. 'द हीट' म्हणजे पोलीस, असाही एक अर्थ तिथे आहे. समजण्यापुरतं ठेवा, मुलाखतीत वापरू नका.

प्रेमळ स्वागतासाठी 'हीट' चालेल?

नाही. मायेची ऊब म्हणजे 'वॉर्म्थ'. 'शी वेलकम्ड अस विथ वॉर्म्थ' किंवा 'अ वॉर्म वेलकम'. 'हीट' माणसांच्या संदर्भात आली की बहुतेक राग, दबाव किंवा टीका घेऊनच येते. 'ही रिप्लाइड विथ सम हीट' याचा अर्थ त्याने जरा चिडूनच उत्तर दिलं. आजीच्या प्रेमाबद्दल लिहिताना 'द हीट ऑफ हर लव्ह' लिहिलं तर वाचणाऱ्याला भलतंच काही वाटेल.

हे सगळं बोलण्यात कसं आणायचं?

एका दिवशी सगळं नको. मे महिन्यात इंग्रजी वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी रोज वाचा आणि 'हीट'च्या आधीचा व नंतरचा शब्द अधोरेखित करा. डिसेंबरात तेच अधिवेशनाच्या बातमीवर करा. वहीत जोडी लिहाल तेव्हा शेजारी मराठी अर्थ लिहू नका, स्वतःच्या घरातलं किंवा गल्लीतलं वाक्य लिहा: 'द टिन रूफ ट्रॅप्स हीट', 'माय ब्रदर टुक द हीट फॉर मी'. क्लासला येताना ती वाक्यं घेऊन या, मोठ्याने वाचून तपासू. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. 'इन द हीट' मधला 'द' ऐकू येतो का, एवढंच आधी तपासा.